हृदयाला कलम बांधता येईल का?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: बाबा ५७ वर्षांचे. यंदा शिमग्यात पालखीबरोबर फिरताना छातीत दुखायला लागलं. पित्त असेल म्हणून रात्र तशीच काढली. सकाळी रत्नागिरीला नेलं, तिथून आंबा घाटाने कोल्हापूरला. स्टेंट बसला, जीव वाचला, पण घरी सोडताना इकोमध्ये ईएफ, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर फेकण्याची क्षमता, ३० टक्के होता. आता शहरातलं एक सेंटर म्हणतंय की कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून हृदयात सोडू, मेलेला भाग परत जिवंत होईल, सहा लाख लागतील. त्यातच प्रयोगशाळेत तयार केलेला हृदयाचा तुकडा माणसाला बसवल्याची बातमी वाचनात आली. हे दोन्ही एकच का? घरातली आंब्याची चाळीस कलमं गहाण ठेवायची तयारी आहे.

कलमं गहाण ठेवू नका. बोलणी सुरू झाली असतील तर आजच थांबवा, मग पुढचं निवांत वाचा. सेंटरवाले सांगतात ते आणि बातमीत आलंय ते, या दोन गोष्टी एक नाहीत. दोघांना जोडणारा एकच शब्द आहे, 'स्टेम सेल', म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी घडतात त्या मूळपेशी, आणि त्या एका शब्दाच्या जोरावर बरेच पैसे उकळले जातात.

मी गुहागर तालुक्यातली. गेली एकोणीस वर्षं माझं काम एकच आहे, हृदयाच्या स्नायूच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांच्यापासून धडधडणारी ऊती बनवायची. माझ्या काकांनाही असंच रात्री दुखलं होतं. त्यांनी लिंबू-सोडा घेतला, ओवा चावला, आणि पहाटेपर्यंत कोणाला उठवलं नाही. ते वाचले, पण पुढची चार वर्षं अंगणातून विहिरीपर्यंत जाताना मध्ये दगडावर बसायचे. तो दगड अजून तिथे आहे. म्हणून तुम्हाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

आधी बाबांच्या हृदयात काय झालं ते बघू. डाव्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त ढकलणाऱ्या कप्प्यात, दोनशे ते चारशे कोटी स्नायुपेशी असतात. रक्तवाहिनी बंद पडली की साधारण वीस-तीस मिनिटांत पहिल्या पेशी कायमच्या मरायला लागतात. हे मरण कप्प्याच्या आतल्या अंगाला सुरू होतं आणि काही तासांत बाहेरच्या अंगापर्यंत पोचतं. मोठ्या झटक्यात शंभर कोटीच्या आसपास पेशी जाऊ शकतात. त्यांच्या जागी स्नायू परत येत नाही, व्रण येतो. व्रण पांढुरका आणि चिवट असतो, तो फाटत नाही पण आकुंचनही पावत नाही. बाकीचा स्नायू त्याच्या वाट्याचं काम ओढतो आणि हळूहळू ताणला जातो. ईएफ म्हणजे भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर फेकला जाणारा हिस्सा. धडधाकट माणसात तो ५५ ते ७० टक्के असतो.

हृदय स्वतःहून भरून का निघत नाही? कातडी भरते, यकृत भरतं, मग हृदयाचंच असं का? २००९ मध्ये स्वीडनमधल्या एका गटाने याचं फार सुंदर मोजमाप केलं. १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नातून माणसात आला, आणि त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत त्याची नोंद राहिली. त्या नोंदीवरून पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे नूतनीकरण आहे, पण एका रात्रीत शंभर कोटी गमावलेल्या माणसाला ते कुठून पुरणार? झेब्रा फिशसारखा बोटाएवढा मासा मात्र हृदयाच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो परत वाढवतो. त्याच्या स्नायुपेशी पुन्हा विभागायला लागतात. आपल्या तशा लागत नाहीत. आमचं सगळं क्षेत्र या एका फरकातून उभं राहिलं आहे.

आता सेंटरच्या दाव्याकडे वळते. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजातल्या, पेशी हृदयात सोडल्या की त्यांचा हृदयस्नायू होतो, असं २००१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून मांडलं गेलं. जगभर उत्साह पसरला, रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. पण २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तेच प्रयोग काळजीपूर्वक करून पाहिले आणि त्या पेशींचा हृदयस्नायू होत नाही असं दाखवलं. मज्जेतल्या पेशी रक्त बनवतात, ते त्यांचं काम. पुढे हृदयातच दडलेल्या मूळपेशींचा दावा आला. त्यावरही वर्षानुवर्षं पैसा आणि माणसं खर्ची पडली, आणि २०१८ मध्ये हार्वर्डने आपल्याच एका माजी प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं नियतकालिकांना कळवलं. हे लिहिताना मला आजही राग येतो, कारण तोवर अनेक रुग्णांनी त्या आशेवर आपलं शरीर दिलं होतं.

सेंटरकडे दाखवायला 'बरे झालेले' रुग्ण असतील, ते खोटेच असतील असंही नाही. पण त्याचं कारण वेगळं आहे. झटक्यानंतर जो भाग हलत नाही तो सगळा मेलेला नसतो. काही स्नायू नुसता बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा सुरू झाला आणि औषधं नीट चालली तर तो काही आठवड्यांत, महिन्यांत पुन्हा काम करायला लागतो. म्हणून घरी सोडताना ३० असलेला ईएफ तीन महिन्यांनी ४० होऊ शकतो, आणि अनेकांचा होतो. पहिल्या महिन्यात कोणी सुई टोचली आणि तिसऱ्या महिन्यात आकडा वाढला, की श्रेय कोणाला मिळणार, तुम्हीच बघा.

बातमीतला तुकडा मात्र खरा आहे. तो कसा बनतो ते जरा सविस्तर सांगते, कारण ते कळलं की तो अजून बाबांपर्यंत का पोचत नाही तेही आपोआप कळेल.

सुरुवात रक्ताच्या किंवा त्वचेच्या पेशींपासून. क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवलं, की चार जनुकं आत घातली तर प्रौढ पेशी पुन्हा गर्भातल्यासारखी कोरी होते. तिच्यापासून मग शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी घडवता येते. २०१२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी, जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. या कोऱ्या पेशींना आयपीएस पेशी म्हणतात. त्यांना हृदयाच्या वाटेवर न्यायला पेशीतला एक संकेतमार्ग पहिल्या दिवशी एका रसायनाने चालू करायचा आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनाने बंद करायचा. गर्भात हृदय घडताना याच मार्गाची अशीच उघडझाप होते. ऐकायला सोपं आहे, पण वेळ बारा तास चुकली किंवा पेशी थोड्या विरळ पडल्या, तर हाती भलतंच काही येतं. माझी पहिली दोन वर्षं त्यातच गेली.

आठव्या-नवव्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडून डिश काढते, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते. गुलाबी द्रवाखाली पेशींची फिकट चादर दिसते. एक कोपरा बघायचा, मग दुसरा. आणि मग कुठेतरी एका कडेला काहीतरी उचकी दिल्यासारखं हलतं. थांबतं. पुन्हा हलतं. कोणी आज्ञा दिलेली नसते, मेंदू नाही, मज्जातंतू नाही. बघत बसलं तर डिश गार पडते आणि ठोके मंदावतात, म्हणून लगेच परत सदतीस अंशांत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळी चादर एका तालात धडधडत असते. एकोणीस वर्षांत हे शेकडो वेळा पाहिलंय, तरी त्या सकाळी मी लॅबमध्ये लवकर जाते.

त्या चादरीत हृदयपेशींशिवाय इतरही पेशी असतात. त्या काढायची एक युक्ती जपानमधल्या गटाने २०१३ मध्ये दाखवली. काही दिवस साखर बंद करायची आणि फक्त लॅक्टेट द्यायचं. हृदयपेशी लॅक्टेटवर जगतात, बाकीच्या उपाशी मरतात.

मग ऊती ओतायची. हृदयपेशी आणि थोड्या जोडऊतीच्या पेशी मिळून दहा लाख, बर्फावर ठेवलेल्या फायब्रिनोजेनमध्ये मिसळायच्या. त्यात थ्रॉम्बिन घातलं की काही सेकंदांत ते गोठायला लागतं. जखमेवर रक्त ज्या दोन पदार्थांनी गोठतं तेच हे दोन. एवढ्या वेळात ते मिश्रण, जेमतेम दोन थेंब, एका छोट्या खाचेत सोडायचं. खाचेत दोन टोकांना सिलिकोनचे दोन बारीक खांब असतात. दोन तासांनी खांबांवर अडकलेली जेलीची पट्टी खाचेतून वर काढायची आणि पोषक द्रवात लटकती ठेवायची. सुरुवातीला ती जाडसर, दुधट दिसते. आठवडाभरात पेशी ती आतून ओढत जातात, पट्टी आवळून सुतळीसारखी होते, आणि आत विस्कटलेल्या पेशी एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे रांगेत लागतात. मग ती धडधडायला लागते आणि दर ठोक्याला खांब वाकतात. किती वाकले ते कॅमेरा मोजतो, त्यावरून ऊतीची ताकद काढतात. खांब नुसते आधाराला नाहीत. ओढायला काही नसेल तर स्नायू नीट घडतच नाही. ही कल्पना जर्मनीत थॉमस एशेनहागेन आणि वोल्फराम त्सिमरमान यांच्या गटाने १९९७ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयपेशी घेऊन प्रत्यक्षात आणली. आजही आम्ही बहुतेक जण त्याच वाटेने चालतो.

म्हणजे हृदयाचा स्नायू बनवता येतो. अडचण पुढे आहे, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे त्याला जेवू घालणं.

प्राणवायू ऊतीत नुसता झिरपून फार आत जात नाही. एक-दोन दशांश मिलिमीटर, बस. आमची सुतळी बारीक आहे म्हणून जगते. बाबांच्या डाव्या कप्प्याची भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड आहे. तेवढ्या जाडीचा गोळा ओतला तर वरची साल धडधडेल आणि आतला गाभा दोन दिवसांत मरेल. खऱ्या हृदयात जवळजवळ प्रत्येक स्नायुतंतूच्या शेजारून एक केशवाहिनी जाते. ते जाळं आपण कुठून आणायचं?

लहानपणी तुम्ही पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी केली असेल. आम्ही ती वहीत ठेवायचो. हिरवा गर निघून जातो आणि शिरांचा सांगाडा तेवढा उरतो, अगदी शेवटच्या केसाएवढ्या शिरेपर्यंत. २००८ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हाराल्ड ओट यांनी उंदराच्या हृदयाची अशीच जाळी केली. शाम्पूत असतो तसला साबण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून सोडत राहिलं की सगळ्या पेशी धुऊन निघतात, आणि मागे पारदर्शक पांढरं, पण आकाराने पूर्ण हृदय उरतं. कप्पे जागेवर, झडपा जागेवर, रक्तवाहिन्यांचे मार्ग जागेवर. त्यात नवजात उंदरांच्या हृदयपेशी भरल्या. आठव्या दिवशी ते हृदय थोडंसं पंप करत होतं, प्रौढ उंदराच्या हृदयाच्या सुमारे २ टक्के. दोन टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटेल. ज्यांनी ते हलताना पाहिलं त्यांना तसं वाटलं नाही. पण माणसाच्या हृदयाएवढ्या जाळीत शेकडो कोटी पेशी प्रत्येक गल्लीत पोचवायच्या, आणि रक्तवाहिन्यांना आतून असं अस्तर लावायचं की रक्त गोठू नये, हे अजून कोणालाही साधलेलं नाही. २०१७ मध्ये एका गटाने पालकाच्या पानाची जाळी करून तिच्यावर मानवी हृदयपेशी लावल्या, त्या तीन आठवडे धडधडल्या. हे वाचलं तेव्हा मला आमच्या पारावरचा पिंपळच आठवला.

तेल अवीवच्या ताल द्विर यांनी २०१९ मध्ये रुग्णाच्याच पोटातल्या चरबीच्या पडद्यातल्या पेशींपासून शाई करून चेरीएवढं हृदय छापलं. त्याची छायाचित्रं सगळीकडे फिरली, तुमच्याकडेही आली असतील. त्यात कप्पे होते, मोठ्या वाहिन्या होत्या, पण ते पंप करत नव्हतं. 'छापलेलं हृदय' असा मथळा दिसला तर एवढं ध्यानात ठेवा.

जाता जाता आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट सांगते. रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर तपकिरी समुद्रशेवाळ वाढतं, त्या जातीच्या शेवाळांतून अल्जिनेट नावाचा पदार्थ काढतात. कॅल्शियम मिळालं की त्याची जेली होते. इस्रायलमधल्या गटांनी तो हृदयपेशींसाठी आधार म्हणून वापरला, आणि पुढे नुसतं अल्जिनेट झटका आलेल्या हृदयात सोडून व्रणाला टेकू देण्याची चाचणी माणसांवरही झाली. प्राण्यांत छान चाललं, माणसांत फायदा दिसला नाही. प्राण्यांवरून माणसावर येताना असं पुष्कळदा होतं. बातमी पहिल्या टप्प्याची येते, दुसऱ्याची येत नाही.

दुसरी अडचण वयाची. आमच्या पेशी बाबांच्या नसतात, जणू पाच-सहा महिन्यांच्या गर्भाच्या असतात. आपल्या मनाने धडधडतात, साखरेवर जगतात, त्यांची आकुंचनाची यंत्रणा आखूड आणि अस्ताव्यस्त असते. प्रौढ कप्प्यातली पेशी आज्ञा येईपर्यंत गप्प राहते, मुख्यतः मेदावर चालते आणि एका ठोक्यात कितीतरी जास्त जोर लावते. न्यूयॉर्कच्या गोर्डाना वुन्याक-नोवाकोविच यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा कोवळ्या ऊतीला विजेच्या ठोक्यांनी तालीम दिली. पेशी नुकत्या धडधडायला लागल्या की लगेच सुरुवात, सेकंदाला दोन ठोके, मग हळूहळू वाढवत सहापर्यंत. चार आठवड्यांत त्या ऊतीत प्रौढ स्नायूची बरीच लक्षणं दिसली. उशिरा सुरू केलं तर तेवढा परिणाम होत नव्हता, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली नोंद.

तिसरी अडचण सांगायला तुमच्या कलमांचा आधार घेते. कोय कलम बांधताना कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर देतात, काडीला पाचरीसारखं तासून त्यात बसवतात आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. काही आठवड्यांनी काडी फुटली की कलम लागलं. काडीला खुंटाचं पाणी मिळालं, प्रश्न मिटला. हृदयाच्या पट्टीचंही इथपर्यंत तसंच असतं. माकडांच्या हृदयावर मानवी जातीच्या नव्हे, माकडांच्याच पेशींपासून केलेल्या पट्ट्या शिवल्या, तेव्हा खालच्या हृदयातून रक्तवाहिन्या वर पट्टीत वाढल्या आणि पट्टी सहा महिने टिकली. पण आंब्याच्या काडीला खुंटाच्या ठोक्याला ठोका द्यावा लागत नाही. पट्टीला द्यावा लागतो. हृदयात एका पेशीतून शेजारच्या पेशीत वीज जाते ती दोघींमधल्या सूक्ष्म दारांतून, आणि दिवसाला लाखभर वेळा ती लाट न चुकता सगळीकडून जाते. नवा स्नायू त्या लाटेत मिसळला नाही तर तो नुसता ओझं होतो. अर्धवट मिसळला आणि आपल्या मनाने ठोके देऊ लागला, तर लय बिघडते. सिएटलच्या चार्ल्स मरी यांच्या गटाने २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात मानवी मूळपेशींपासून घडवलेल्या शंभर कोटी हृदयपेशी सोडल्या. पेशी जगल्या, मूळ हृदयाशी जोडल्याही गेल्या, आणि त्या सगळ्या माकडांच्या लयीत बिघाड दिसला. प्राणघातक नव्हता, पण माणसात तो धोका कोण पत्करणार?

आता तुम्ही वाचलेल्या बातमीकडे येते. जर्मनीत ग्योटिंगेनच्या त्सिमरमान यांच्या गटाने जानेवारी २०२५ मध्ये माकडांवरचे आणि एका रुग्णाच्या हृदयावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती ४६ वर्षांची बाई होती, हृदय फार निकामी झालेलं, प्रत्यारोपणासाठी थांबलेली. दात्याच्या आयपीएस पेशींपासून केलेल्या पट्ट्या, एकूण ४० कोटी पेशींच्या, तिच्या धडधडत्या हृदयावर शिवल्या. तीन महिन्यांनी तिला दात्याचं हृदय मिळालं. जुनं हृदय बाहेर आलं तेव्हा त्यावर शिवलेला स्नायू जिवंत होता आणि त्यात रक्तवाहिन्या पोचल्या होत्या. आमच्या क्षेत्रात ही फार मोठी गोष्ट आहे. मी ती चित्रं पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्यातला शब्द न् शब्द नीट बघा. पेशी परक्या, म्हणून शरीराने नाकारू नयेत यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. रुग्ण निवडक, हृदय निकामी होण्याच्या शेवटच्या टप्प्यातले. तो रीतसर चाललेल्या चाचणीचा भाग आहे, विकत मिळणारा उपचार नाही. जपानमध्ये ओसाकाच्या योशिकी सावा यांच्या गटाने जानेवारी २०२० मध्ये अशाच पेशींची पातळ चादर पहिल्या रुग्णाच्या हृदयावर ठेवली होती. तिचा भर पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी जुन्या हृदयाला मदत करण्यावर जास्त आहे.

या सगळ्याचा आज उपयोग काहीच नाही, असं मात्र म्हणू नका. आमची सुतळीएवढी ऊती आजच कामाला लागली आहे ती औषधं तपासायला. हृदयाची लय बिघडवणारी काही औषधं पूर्वी बाजारात येऊन, माणसं दगावल्यावर परत घ्यावी लागली. अशी औषधं आता आधी धडधडणाऱ्या मानवी ऊतीवर घालून बघता येतात. स्तनाच्या कर्करोगावरच्या एका औषधाने काही बायकांचं हृदय खराब होतं, काहींचं होत नाही. २०१६ मध्ये दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या पेशींपासून हृदयपेशी बनवल्या, तर डिशमध्येही तोच फरक दिसला. भारताने २०२३ मध्ये नियम बदलून नव्या औषधाच्या तपासणीसाठी अशा मानवी ऊतींना जागा दिली. आणि आपल्याकडे तर याची जास्तच गरज आहे. हृदयस्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली असणं दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत आढळतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २००९ मध्ये त्याचा हृदयस्नायूच्या आजाराशी संबंध दाखवला. अनेक वाहकांना आयुष्यभर काही होत नाही, काहींना होतं. असं का, हे विचारायला आपल्याच माणसांच्या पेशींपासून केलेली ऊती लागणार, युरोपातल्या माणसाची चालणार नाही.

आता सेंटरचं. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा कोणताही उपचार मान्यता घेतलेल्या चाचणीबाहेर करायचा नाही. आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणून त्यांना दोनच गोष्टी विचारा: तुमच्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक काय, आणि चाचणी आहे तर सहा लाख कसले? फोनवर नको, लेखी विचारा.

बाबांसाठी जे खरोखर सिद्ध झालंय ते त्या मानाने फार साधं आहे. दुबळ्या हृदयासाठी चार गटांची औषधं आहेत: बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्यापुढचं एआरएनआय, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी, आणि मुळात मधुमेहासाठी निघालेलं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. यातली कोणती चालू आहेत, कोणती नाहीत आणि का नाहीत, ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा. रक्तदाब किंवा किडनीमुळे एखादी देता येत नसेल, ते त्यांना ठरवू द्या. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून एक दिवसही चुकवायच्या नाहीत. तंबाखू, मिश्री बंद. सुकट, सुका बांगडा, लोणचं, पापड, खारातली मिरची हे आपल्या ताटातलं मीठ आहे, ते काही महिने तरी बाजूला ठेवा. त्यांना ते जड जाईल, माझ्या काकांना फार जड गेलं. ताजा मासा कमी मिठाचा करून खुशाल द्या. आंब्याच्या काढणीला झाडावर चढणं नाही, पेट्या उचलणं नाही. सावलीत बसून आंबा निवडायला हरकत नाही, रोज थोडं सपाटीवर चालणं मात्र हवंच.

सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, रोज वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली किंवा रात्री उशी उंच करावी लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठा. पुन्हा छातीत दुखलं, घाम सुटला, तर पित्ताचा विचारही मनात न आणता १०८ ला फोन. आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे शिमग्यापासून मोजलं तर पेरणीच्या सुमाराला, पुन्हा इको करून घ्या. तेव्हाही ईएफ ३५ किंवा त्याखाली असेल, तर लयीच्या बिघाडापासून वाचवणाऱ्या आयसीडी यंत्राबद्दल डॉक्टर बोलतील, तुम्हीही विषय काढा. तो आकडा आला की मला कळवा.